तिसऱ्या कमानीतला पुकारा

"सोनटक्केबाई, पुकारा करताय की देवाला नैवेद्य दाखवताय?"

बाररूमच्या दारातून कुणीतरी वकील बोलला आणि आतले सगळे हसले. मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते. अंगावर नवी पांढरी साडी, खांद्यावरून लाल पट्टा आणि पट्ट्यावर वडिलांचाच पितळी बिल्ला. मी घेतलेलं नाव पायऱ्यांच्या खालीसुद्धा उतरलं नव्हतं. ज्याच्यासाठी घसा कोरडा केला तो गडी चिंचेखाली बसून निवांत उसाचा रस पीत होता. शेवटी मीच पायऱ्या उतरून गेले आणि म्हणाले, "दादा, तुमचा नंबर आलाय, चला." त्यानं आधी ग्लास संपवला आणि मग उठला.

करंजपूरच्या जुन्या कोर्टातला हा माझा पहिला आठवडा. आता त्या इमारतीत कोर्ट नाही, मीही पेन्शनीत आहे. पण डोळे मिटले की तो व्हरांडा अजून दिसतो.

काम तसं सोपं होतं. आत एखाद्या दाव्याचा नंबर लागला की बाहेर येऊन त्या माणसाच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा. तिसऱ्या हाकेलाही कुणी आलं नाही तर जज्जसाहेब 'गैरहजर' असं लिहून मोकळे होत. माझ्याआधी हे काम माझे वडील करायचे. दौलत सोनटक्क्यांचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जायचा. त्यांचा पुकारा संपल्याशिवाय कंडक्टर घंटी मारत नाही, असं लोक म्हणायचे. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागेवर मला घेतलं. नोकरी मिळाली, पण आवाज काही वारसाहक्कानं मिळत नाही.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. करंजपुरात शहाणेही चढायचे, कारण गावातली सावली तिथंच होती. काळ्या दगडाची, मंगलोरी कौलांची ती इंग्रजांच्या वेळची इमारत भर गावात होती. मंडईतून स्टँडकडे जाणारा सगळा गाव तिच्या अंगणातून जायचा. पेन्शनर मंडळी दुपारी व्हरांड्याच्या थंडगार फरशीवर पेपर तोंडावर घेऊन झोपायची. परीक्षा जवळ आल्या की पोरं खांबांना टेकून घोकंपट्टी करायची. रजिस्टर लग्न करणारी जोडपी त्याच पायऱ्यांवर फोटो काढायची, आणि काडीमोड घ्यायला आलेली त्यांच्याकडे बघत बसायची. भांडायलाच आलेले लोक तिथं इतके गुण्यागोविंदानं बसत की एकाच गावचे वादी आणि प्रतिवादी एकाच फडक्यातली भाकरी खायचे.

त्यातच एक आजी होती. दर सोमवारी पहिल्या गाडीनं यायची आणि तिसऱ्या कमानीखाली खांबाला पाठ लावून बसायची. मांडीवर भाजलेल्या शेंगांचं फडकं. शेंगा फोडायची, दाणे एका बाजूला काढायची, आणि जवळून जाईल त्याच्या हातावर ठेवायची. सगळे तिला ठकूआजी म्हणत. मी नवी, बावरलेली, म्हणून मला दाणे जरा जास्तच मिळायचे.

"आजी, तुमचं काय काम असतं इथं?" मी एकदा विचारलं.

"दावा हाय माझा."

"कसला?"

"पुतन्यानं घर आपल्या नावावर करून घेतलंय. म्हंतो, काकी, बाहीर हो. ज्या घरातनं मी सासू पोचवली, मालक पोचवलं, त्या घरातनं मी बाहीर हू व्हय?"

"मग आत का जात नाही?"

"नाना वकील हुतं तवा त्येच हाताला धरून न्यायचं. गेल्या साली नाना वारलं. जाताना सांगून गेल्यात, ठकूबाई, तारीख सोमवारचीच लागंल, येत जा. तुझं नाव पुकारलं की आत जायाचं." आजीनं माझ्या हातावर दाणे ठेवले. "म्हनून येती. अजून नाव काय निघंना."

मी त्या दिवशी दाव्यांच्या फलकावरची सगळी नावं वाचून काढली. ठकूबाई कुठंच नव्हती. पुढच्या सोमवारी पुन्हा पाहिलं. तेव्हाही नव्हती. मला वाटलं, म्हातारीचा दावा कधीच निकाली निघाला असणार आणि तिला कुणी सांगितलं नसणार. नाहीतर सावलीला येणाऱ्यांतलीच ती एक असेल. तिचं मन मोडायला नको म्हणून मी गप्प बसले.

माझ्या मागं माझंच लचांड लागलं होतं. आमचे शिरस्तेदार खर्डेकर. कोर्टाची सगळी कारकुनी त्यांच्या हाताखाली. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा इतका की चहात साखर जास्त पडली तरी खुलासा मागायचा. शनिवारी कोर्ट सुटताना त्यांनी मला टेबलाशी बोलावलं.

"सोनटक्केबाई, तुमचा आवाज पोचत नाही अशी बारची तक्रार आहे."

"प्रयत्न करतेय साहेब."

"प्रयत्न मला दिसतोय. ऐकू येत नाहीये." त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "हा सोमवारचा दावा. वादी एक बाई आहे. दोन तारखांना तुम्ही पुकारा केलात, दोन्ही वेळा बाई आली नाही. आता ती आलीच नाही, की आली आणि तिला ऐकू गेलं नाही, हे देवाला ठाऊक. साहेबांनी शेवटची संधी दिलीय. सोमवारी हाकेला उठली नाही तर दावा काढून टाकणार."

कागदावर लिहिलं होतं, 'गिरिजाबाई भ्रतार रखमाजी शेडगे, राहणार खडकीची वाडी.' जुन्या कागदात नवऱ्याला भ्रतार म्हणतात.

"बाईचं राहतं घर आहे त्यात," खर्डेकर म्हणाले. "तुमच्या आवाजापायी कुणाचं घर जाऊ नये. तेव्हा सोमवार बघू. जमलं तर ठीक. नाही जमलं तर तुम्हाला दप्तरखान्यात पाठवतो."

दप्तरखाना म्हणजे मागची अंधारी खोली. धूळ, वाळवी आणि साठ-सत्तर वर्षांची मेलेली भांडणं. मला व्हरांडा हवा होता. वडिलांची जागा म्हणून हवा होता, आणि खरं सांगायचं तर मला ती गर्दी आवडायला लागली होती. पण शनिवारी घरी जाताना दप्तरखान्यापेक्षा ती न पाहिलेली गिरिजाबाईच डोक्यात होती. बिचारी अंगणात कुठंतरी कान देऊन बसत असेल आणि माझी हाक तिच्यापर्यंत पोचत नसेल. रविवारी मला जेवण गेलं नाही.

"आणि एक," खर्डेकर जाता जाता म्हणाले होते, "वडिलांसारखं कीर्तन करू नका. नाव, आडनाव, हाजिर हो. बस्स."

वडिलांचा पुकारा खरोखरच लांबलचक असायचा. 'गणू तात्या जाधव' एवढ्यावर त्यांचं भागत नसे. 'गणू तात्या जाधव, राहणार वडगाव, ओढ्याकाठच्या बांधाच्या भांडणातले, हाजिर होऽऽ' असं सगळं अंगणभर व्हायचं. लहानपणी मला वाटायचं, बाबांना मिरवायची हौस आहे. खर्डेकरांनाही तसंच वाटायचं. कोर्टाचा वेळ जातो म्हणून त्यांची वडिलांशी कायम धुसफूस असे.

सोमवारी मी कोर्ट उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. अंगणात फक्त चहावाले हैदरभाई स्टोव्ह पेटवत होते. फाटकाशी त्यांची टपरी होती, ते वडिलांचे जुने दोस्त.

"हैदरभाई, मी इथून हाक मारते. ऐकू आली तर किटली वर करा."

मी दाराशी उभी राहून हाक मारली. किटली हलली नाही. पायऱ्यांवरून मारली. तरी नाही. हैदरभाई हात पुसत वर आले आणि मला दंडाला धरून तिसऱ्या कमानीत नेलं.

"तुझा बाप हितं उभा राहायचा. हितनं सोडलेला आवाज समोरच्या ट्रेझरीच्या भिंतीला लागतो आणि माघारी येतो. सगळं अंगण दोनदा ऐकतंय. आणि गळ्यातनं नको काढू पोरी, पोटातनं काढ. पाव विकणारा काय गळ्यातनं वरडतोय व्हय?"

ते खाली गेले. मी कमानीत पाय रोवले, पोटात श्वास भरला आणि ओरडले, "हैदरभाई मुजावर, हाजिर होऽऽ!"

ट्रेझरीच्या भिंतीनं ते नाव झेललं आणि परत फेकलं. चिंचेवरचे पोपट उडाले. फाटकाशी किटली वर गेली आणि हैदरभाईंनी आपल्या ठेवणीतल्या आवाजात उत्तर दिलं, "हाजिर!"

मला रडू आलं आणि हसूही आलं. दिवसभरात काय व्हायचं ते होवो, बाबांची जागा सापडली होती.

पहिल्या गाडीनं ठकूआजी आली. मला बघून म्हणाली, "आज तोंड उजळलंय गं तुझं." आणि आपल्या खांबाला टेकून बसली. ऊन तापलं, अंगण भरलं, आत साहेब येऊन बसले. एकेक नंबर जाऊ लागला. मी हाक मारली की माणसं रस टाकून धावत यायला लागली. बाररूमच्या दारात तो नैवेद्यवाला वकील आला, माझ्याकडे पाहून आत गेला, आणि आतून कुणाचं हसणं ऐकू आलं नाही.

दुपारी तो नंबर लागला. मी बाहेर आले. कमानीत उभी राहिले आणि हाक मारली.

"गिरिजाबाई शेडगे, हाजिर होऽऽ!"

नाव भिंतीवर जाऊन आलं. सगळ्या अंगणानं ऐकलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणी उठलं नाही.

माझ्या पायाशी शेंगा फोडण्याचा आवाज चालूच होता. "आज काय आवाज लागलाय तुझा," ठकूआजी कौतुकानं म्हणाली. "बापावानी."

मी पुन्हा श्वास घेतला. "गिरिजाबाई शेडगे, हाजिर होऽऽ!"

स्टँडकडे जाणाऱ्या दोन बायका वाटेतच थांबल्या. फाटकाशी हैदरभाई किटली हातात घेऊन इकडंतिकडं पाहत होते. पण पायऱ्यांकडे कुणी येईना.

"कुनाला एवढ्या हाका मारतीस गं?" आजी म्हणाली. "आली न्हाई वाटतं ती बया. आमच्यापैकीच दिसती कोन तरी, आमच्या गावात निम्मं शेडगंच हायेत. घे, दानं खा जरा. घसा बसंल."

दारात खर्डेकर येऊन उभे राहिले होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे आटपा. आवाज पोचला होता, आता त्याबद्दल कुणी बोट दाखवलं नसतं. माझा व्हरांडा वाचला होता. पण ती बाई काही उठत नव्हती. मी तिसरी हाक मारली की आत साहेब लेखणी उचलणार आणि एका बाईचं घर जाणार. हातातल्या कागदाकडे पाहिलं, त्यावर आणखी दोन ओळी होत्या. मला दुसरं काहीच सुचलं नाही. बाबा करायचे तसं मी सगळंच्या सगळं वाचायचं ठरवलं. खर्डेकरांना काय म्हणायचं ते म्हणोत.

"गिरिजाबाई, भ्रतार रखमाजी शेडगे, राहणार खडकीची वाडी, पुतण्याबरोबरच्या घराच्या दाव्यातल्या, हाजिर होऽऽऽ!"

पायाशी शेंगांचा आवाज थांबला.

मी खाली पाहिलं. उकाड्यानं आजीचा पदर खांद्यावर घसरला होता. तो तिनं दोन्ही हातांनी डोक्यावर ओढून घेतला होता, अगदी कपाळापर्यंत. मान खाली घातली होती. थोरली माणसं दारात आली की बायका बसतात तशी ती अंग चोरून बसली होती.

मी तिच्यासमोर बसले. "आजी, रखमाजी कोण?"

आजीनं ओठ घट्ट मिटले. मग हळूच म्हणाली, "आमचं मालक."

"मग गिरिजाबाई कोण?"

आजी माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, जशा फार जुनी वस्तू कुठं ठेवली ते आठवताना पडतात. मांडीवरचे दाणे फरशीवर सांडले.

"अगं बया," ती म्हणाली. "म्हंजी, मीच की."

मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघी आत धावलो. धावलो म्हणजे आजी तिच्या परीनं धावली. खर्डेकरांना बाजूला व्हावं लागलं.

"साहेब, वादी हाजिर," मी म्हणाले. साहेबांची लेखणी कागदावर टेकली होती, ती त्यांनी उचलली.

पुतण्या स्वतः कधीच यायचा नाही, त्याचा वकील यायचा. तो ताडकन उठला. "साहेब, ही वादीच आहे कशावरून? या बाईला इथं सगळे ठकूबाई म्हणून ओळखतात. दाव्यात ठकू नावाचं कुणीही नाही."

ते खरंच होतं. साहेबांनी चष्मा काढला. वयानं तरुण, बोलायला तुटक, पण ऐकून घेणारे होते.

"आजी, शपथेवर सांगा. तुमचं नाव काय?"

आजीनं शपथ घेतली. दोन्ही हातांनी कठडा धरला आणि पदर सारखा केला.

"आयबानं ठकू ठेवलं. लग्नात सासूबाईनं गिरिजा ठेवलं. कागदावर तेच हाय, नाना वकिलांनी तेच लिवलं. पर साहेब, हाक मारायला नको का कुनी? मालक 'अगं' म्हनायचं. पोरं 'काकी' म्हनायची. भावकीनं माह्यारचं ठकूच चालू ठिवलं. गिरिजा ह्या नावानं, ते ठेवल्यापास्नं आजपातुर, मला कुनी हाकच मारली न्हाई. मग मी उठू कशी?"

साहेबांनी फाइलमधल्या मागच्या तारखा काढून पाहिल्या.

"म्हणजे गेल्या दोन तारखांनाही तुम्ही इथंच होता?" साहेबांनी विचारलं.

"दर सोमवारी असती. ह्या पोरीच्या पायाशी बसलेली असती. मलाच वाटायचं, कोन ही गिरिजा, यीना का झालीया लवकर."

आता मात्र सगळे हसले. साहेबही हसले, पण लगेच गंभीर झाले. "पतीचं नाव सांगा."

आजी गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. आजीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तू म्हन की गं. तुला चालतंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. "सांगा, सोनटक्केबाई. त्या होय म्हणतात का ते मी बघतो."

"रखमाजी शेडगे," मी म्हणाले. आजीनं पदर पुन्हा कपाळापर्यंत ओढला आणि जोरात मान हलवली. साहेबांनी फाइलमधला नाना वकिलांनी घेतलेला जुना अंगठा काढला, आजीचा नवा अंगठा शेजारी उमटवून घेतला, आणि त्या वकिलाला सांगितलं, हरकत असेल तर दोन्ही अंगठे तपासून आणतो. त्यानं हरकत घेतली नाही.

साहेबांनी लिहिलं, 'वादी हजर.' आजीला सरकारी खर्चानं एक वकील दिला आणि पुढची तारीख दिली.

संध्याकाळी खर्डेकरांनी मला टेबलाशी बोलावलं.

"दोन वेळा पुकारा झाला तेव्हा ती तुमच्या पायाशीच होती?"

"हो साहेब."

"आणि दौलतराव असते तर पहिल्याच हाकेला उठली असती."

त्यांनी बराच वेळ टेबलावरची टाचणी इकडची तिकडं केली. मला त्या क्षणी बाबांची फार आठवण आली. ते मिरवत नव्हते. एका नावाला माणूस उठला नाही तर नवऱ्याच्या नावाला उठेल, त्यालाही नाही तर गावाच्या, नाहीतर भांडणाच्या. एवढंच ते करत होते, आणि ते कुणाला समजावत बसले नाहीत.

"उद्यापासून कीर्तन चालू द्या," खर्डेकर म्हणाले. "मात्र जरा भराभर."

आजीचा दावा पुढं दोनेक वर्षं चालला. तिच्या वकिलानं तो नेटानं चालवला. निकालाच्या दिवशी सकाळपासून ती तिसऱ्या कमानीखाली बसून होती. नंबर लागला तेव्हा मी पुकारा न करताच तिच्यापाशी गेले.

"आजी, चला. तुमचीच पाळी आहे."

आजीनं शेंगांचं फडकं बाजूला ठेवलं, पदर नीट केला आणि खांबाला टेकून बसली.

"हाक मार आदी."

मी कमानीत उभी राहिले आणि हाक मारली, सगळीच्या सगळी. भिंतीनं ती परत आणून दिली. आजी डोळे मिटून ऐकत होती. उठली नाही. मी दुसरी हाक मारली. तरी नाही. चिंचेखालची माणसं बघायला लागली. दारात खर्डेकर आले.

"बाई, ती समोरच बसलीय ना? ओरडताय कशाला?"

"तीनदा पुकारायचा नियम आहे, साहेब," मी म्हणाले.

खर्डेकर दारातच थांबले. मी पोटात श्वास भरला आणि तिसरी हाक मारली. ती मंडईपर्यंत गेली असणार. आजीनं डोळे उघडले, खांबाला धरून उठली, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हाय. गिरिजाबाई हाय."